माणदेशात झाडांच्या जाती कमी, त्याला पाऊस कारण की माणूस?

तुम्ही विचारलंय की माण तालुक्यातल्या तुमच्या गावाभोवती बाभूळ, बोर आणि कडुलिंब सोडून फारसं काही दिसत नाही, तर हे कमी पावसामुळे की तोडीमुळे. मी याच भागात वाढलो. माझं उत्तर असं : इथं कोणकोणती झाडं जगू शकतात ते पाऊस ठरवतो, पण त्यातली तुमच्या टेकडीवर कोणती उरली, ते बहुतांशी माणसानं ठरवलंय.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर पूर्वेला दहिवडी, माण तालुक्याचं मुख्य ठिकाण, तिथं कसाबसा पाचशेच्या आसपास. साहजिकच तिकडची जांभूळ, अंजनी, हिरडा इकडच्या माळावर टिकणार नाहीत. शिवाय आपल्याकडं सात-आठ महिने कोरडे जातात, आणि पाऊस कुठल्या वर्षी दगा देईल याचा नेम नसतो. पण एवढ्याही पावसात हिवर, खैर, धावडा, सालई, मोई, हिंगण, पळस, आपटा, सौंदड तग धरतात. ओढ्याकाठी ओल टिकते, तिथं करंज आणि उंबर येतात. म्हणजे यादी तुम्हाला दिसते त्याहून बरीच मोठी आहे.

मग ही गेली कुठं? कुऱ्हाडीपेक्षा मला चराई आणि वणवा जास्त कारणीभूत वाटतात. धावडा तोडला तरी बुंध्यातून पुन्हा फुटतो. पण तो फुटवा दरवर्षी शेळ्यांनी खुडला आणि उन्हाळ्यात नव्या गवतासाठी डोंगर पेटवला, की पुढची पिढीच तयार होत नाही. काटेरी किंवा कडू, तेवढंच वाचतं. बाभळीचं तर शेळ्यांमुळं फावतंच : त्या शेंगा खातात आणि बी लांब नेऊन टाकतात. रोपवाटिकेसाठी बाभळीचं बी शेळ्यांच्या वाड्यातून गोळा करतात ते उगाच नाही. यात मेंढपाळांना दोष देऊ नये. चराऊ रानच आक्रसलं, तर त्यांनी कळप न्यायचा कुठं?

माणसानं राखलंही पुष्कळ. शेताच्या बांधावरची झाडं शेतकऱ्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. आता कालव्याचं पाणी आलं, ऊस आला आणि जेसीबीनं बांध कोरले. पाऊस आहे तेवढाच आहे, पाणी वाढलंय, तरी झाडं घटली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

आणखी एक. टेकड्यांवर गिरीपुष्प आणि सुबाभूळ लावून हिरवळ दिसते, पण ही दोन्ही मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची झाडं. त्यांच्या गर्दीत आपलं गवत दबतं. माळावर झाडं विरळच असतात, तो त्याचा स्वभाव आहे. लांडगा, चिंकारा आणि धाविक पक्षी त्या मोकळ्या गवतावरच जगतात, त्यामुळे झाडं लावायला प्रत्येक माळावर खड्डे खणू नका.

तुमच्या गावापुरतं उत्तर हवं असेल तर पावसाळ्यानंतर दोन जागा बघा : एखादं जुनं देवस्थानाचं राखीव रान आणि त्याच्याच शेजारची उघडी टेकडी. पाऊस दोन्हीकडं एकच. मोठी झाडं मोजू नका, गुडघ्याएवढी रोपं मोजा. राखलेल्या जागेत धावडा, सालई, मोई यांची रोपं असतील आणि टेकडीवर नसतील, तर पावसाला दोष देता येणार नाही. ती टेकडी तीन-चार वर्षं चराई आणि वणव्यापासून राखा. जुनी खोडं जिवंत असतील तर रोपं विकत आणायच्या आधीच त्यांना फुटवे दिसतील.