पासाऊ ते व्हिएन्ना: पहिल्यांदा जाताना

डॅन्यूब नदीच्या काठाने, जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत सायकलने जायचं अंतर साधारण 320 किलोमीटर. रस्ता बहुतेक सपाट, त्यामुळे घाबरू नकोस. पण ते पाच दिवसांत उरकायचा हट्टही नको. सात-आठ दिवस ठेव. सायकल चालवणं आणि फिरणं दोन्ही हवं असेल, तर रोज 40-50 किलोमीटर पुरे. वाटेतल्या मेल्क गावचा मठ घाईत बघायची जागा नाही. पुढे ड्यूर्नस्टाइन गावात इंग्लंडचा राजा रिचर्ड जिथे कैदेत होता, त्या किल्ल्याच्या अवशेषांपर्यंत पायीच चढावं लागतं आणि दिवसभर पेडल मारलेले पाय तिथे खरा हिशोब मागतात.

सायकल पासाऊलाच भाड्याने घे. सीटची उंची मात्र पहिल्याच सकाळी नीट लावून घे. मी आळस केला आणि तिसऱ्या दिवशी गुडघा धरून बसलो. पॅडवाली शॉर्ट्स दोन हव्यातच, आणि हो, तिच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नसतं. हे कोणी सांगत नाही!

गटात सगळ्यांचा वेग सारखा नसतो. सगळ्यात हळू चालवणाऱ्याला पुढे ठेवा, किंवा पुढच्या थांब्याचं गाव ठरवून सुटे व्हा. अचानक ब्रेक मारू नकोस, आधी हात दाखव. फोटोसाठी थांबायचं तर रस्त्याच्या पूर्ण बाहेर. आणि वाहतूक उजवीकडून, हे पहिले दोन दिवस स्वतःला बजावत राहा.

रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. खाऊ शनिवारीच भरून ठेव.