उठल्या उठल्या वाकू नकोस
अरे, पहिल्याच आठवड्यात सूर्यनमस्कारांचा आकडा वाढवायची घाई नको. आणि अंथरुणातून उठून थेट पायाचे अंगठे धरायला जाऊ नकोस. मणक्यांमधल्या चकत्या रात्रभर पाणी शोषून फुगलेल्या असतात. तेव्हा खोल वाकलं की त्यांच्यावर ताण जास्त येतो. आधी उपवन तलावाच्या काठाने थोडं चाल, अंग मोकळं होऊ दे.

मोठेपणी या चकत्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. त्यांना आजूबाजूच्या भागातून झिरपून पोषण मिळतं, आणि दाब पडणं आणि सुटणं, म्हणजे हालचाल, त्याला मदत करते. त्यामुळे सकाळी घाम गाळून दिवसभर खुर्चीला चिकटलास तर उपयोग अर्धाच. दर अर्ध्या तासाने उठ. पाण्याची बाटली मुद्दाम लहान घे, भरायला उठावंच लागेल. (आपल्या ग्रुपमधल्या काकू फोन आला की उभ्याच राहतात. तेही चालतं.) ठाणे स्टेशनला सरकत्या जिन्याची रांग सोड.

कंबरेचा पट्टा मनानेच बांधू नकोस. साध्या कंबरदुखीत पडून राहण्यापेक्षा हलकं चालणं बरं. पाय बधिर झाला, त्यातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र आम्हाला विचारत बसू नकोस, तडक इस्पितळ गाठ.