बर्फ बघायला जायचंय, पण बर्फ उरलाय का? : वाचकांचे प्रश्न

मी कॉलेजात भूगोल शिकवतो आणि बरीच वर्षं हिवाळ्यात पोरांना घेऊन हिमालयात जातोय, त्यामुळे डिसेंबर लागला की जळगाव-धुळ्याकडून बर्फाची विचारणा सुरू होते. यंदा जास्तच झाली. सगळ्यांना एकेक करून उत्तर देणं जमत नाही म्हणून निवडक प्रश्न इथे घेतोय.

भुसावळहून एक ताई विचारतात : नाताळच्या आठवड्यात मनालीचं पॅकेज घेतलं, चौघांचे पैसे आधीच भरले, एजंट म्हणाला बर्फ शंभर टक्के. तिथे रस्त्यावर कोरडं ऊन. पोरं पार हिरमुसली. बर्फ संपलाच का आता?

ताई, बर्फ पडतो अजून. पण अमुक तारखेला, अमुक गावात पडेल असं आता कोणीच सांगू शकत नाही, आणि जो शंभर टक्के म्हणतो त्याला पैसे देऊ नका.

शहाद्याहून तोरणमाळचा घाट चढताना अर्ध्यातच स्वेटर अंगात घालावा लागतो की नाही? हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा डिग्रीने थंड होते. आता हेच उलटं करा. हवा एक डिग्री तापली की जिथे पावसाचा बर्फ होतो ती रेषा दीडएकशे मीटर वर सरकते. मनाली आहे दोन हजार मीटरच्या थोडं वर, शिमला 2200 च्या आसपास, म्हणजे दोन्ही गावं आधीपासूनच काठावर बसलेली, त्यामुळे एखाद-दोन डिग्रीचा फरक पडला की तिथे बर्फाऐवजी नुसता गारठलेला पाऊस पडतो. आणि 2024 साल तर सगळ्या जगाचं आजवरचं सगळ्यात गरम वर्ष होतं, जुन्या काळापेक्षा, म्हणजे 1850-1900 च्या सरासरीपेक्षा, दीड डिग्रीच्या वर.

दुसरं कारण ढगांचं. तिकडचा बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंजावातांवर चालतो, बातम्यांमध्ये वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणतात ते. ते आलेच नाहीत तर कितीही थंडी असो, बर्फ पडायला ढगच नाही. जानेवारी 2024 मध्ये मी गुलमर्गला होतो. काश्मीरमध्ये 21 डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्ला-ए-कलां म्हणतात, वर्षातली सगळ्यात कडक थंडी, आणि त्या चाळीस दिवसांत समोरचा उतार आपल्याकडच्या एप्रिलातल्या बांधासारखा पिवळा पडलेला. स्लेज ओढणारी माणसं लाकडी स्लेज उभ्या करून त्यांना टेकून बसलेली. एकाने मला स्लेजची खालची पट्टी दाखवली, ती बर्फावर घासून चकचकीत असायला पाहिजे, तिला गंज चढलेला होता. त्याच्या घरी त्या महिन्यात काय शिजलं असेल हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही. बर्फ आला, पण महिनाअखेरीला. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी 2025 मध्ये, तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फ नाही म्हणून पुढे ढकलल्या आणि मार्चमध्ये घेतल्या.

चोपड्याहून एक दादा : पण टीव्हीवर तर गाड्या बर्फात अडकलेल्या दाखवतात. मग तापमानवाढ वगैरे खरं कसं मानायचं?

दोन्ही खरं आहे दादा. हवा एक डिग्री तापली की ती सातएक टक्के जास्त बाष्प धरू शकते. त्यामुळे होतं असं की महिनाभर काहीच नाही आणि मग आलं की एकदम ओततं, आपल्याकडे पावसाळ्यात आता तसंच होतंय बघा, वीस दिवस खंड आणि मग एका रात्रीत नाल्याला पूर. डिसेंबर 2024 च्या शेवटी मनालीच्या वर सोलंगला हजारो पर्यटक असेच अडकले होते. एका दिवसाच्या व्हिडिओवरून हिवाळा मोजू नका, पूर्ण मोसमात बर्फ जमिनीवर किती दिवस टिकला ते बघा. काठमांडूची इसिमोड ही संस्था तेच मोजते, आणि नोव्हेंबर 2024 ते मार्च 2025 या काळात हिंदुकुश-हिमालयात टिकलेला बर्फ नेहमीपेक्षा 23.6 टक्क्यांनी कमी भरला, तेवीस वर्षांतला नीचांक.

जळगावची अकरावीची विद्यार्थिनी : सर, मशीनने बर्फ बनवतात ना? मग प्रॉब्लेम काय?

बनवतात, बेटा. बीजिंगच्या 2022 च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये जवळपास सगळा बर्फ मशीनचाच होता, आपल्या उत्तराखंडातल्या औलीलाही मशीन बसवलेली आहेत. पण मशीन म्हणजे पाण्याचे बारीक थेंब थंड हवेत फवारायचे, त्याला हवा शून्याच्या आसपास किंवा खाली आणि कोरडी लागते. थंडीच नसली तर मशीन काय करणार? शिवाय पाणी लागतं प्रचंड, आणि डोंगरावरच्या गावांना उन्हाळ्यात तेच पाणी प्यायला हवं असतं. बोलिव्हियात चाकालताया नावाच्या हिमनदीवर पाच हजार मीटरच्या वर स्कीइंग चालायचं. 2009 पर्यंत ती हिमनदीच वितळून संपली.

रावेरहून एक शेतकरी भाऊ : आपला बर्फाशी काय संबंध? आपल्याला केळी सांभाळायची पडलीय.

भाऊ, तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आपली तापी मुलताईला उगम पावते, तिला बर्फाचा थेंब मिळत नाही, तेव्हा पाण्याचा थेट संबंध नाही हे बरोबर. पण ज्या झंजावाताने तिकडे बर्फ पडतो, तो पुढे सरकला की त्याच्या मागून उत्तरेचं वारं मध्य प्रदेशातून आपल्याकडे उतरतं आणि पारा धाडकन आठ-नऊवर येतो. मग केळीची वाढ थांबते, निसवणीतला, म्हणजे बाहेर पडू लागलेला, घड पोंग्यात, वरच्या गुंडाळलेल्या पानांत, अडकतो, पानं पिवळी पडतात. तुम्ही रात्री पाणी देता, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करता, शेवरी लावून वारं अडवता, ते सगळं त्याच हवेशी चाललेलं भांडण आहे.

आणि झंजावात वेळेवर आले नाहीत की थंडी पडत नाही, गव्हाला फुटवे कमी येतात, हरभऱ्यावर घाटेअळी वाढते. मार्च 2022 देशातला 1901 पासूनचा सगळ्यात गरम मार्च होता, उत्तरेत गव्हाचा दाणा बारीक पडला आणि मे महिन्यात सरकारला निर्यात बंद करावी लागली. उशिरा, फेब्रुवारी-मार्चमध्ये झंजावात खाली उतरला आणि त्याला समुद्रावरचं बाष्प मिळालं तर आपल्याकडे गारपीट. 2014 ची गारपीट तुम्ही विसरला नसाल. म्हणून गुलमर्गला बर्फ नाही ही बातमी आली की पर्यटनाची बातमी म्हणून सोडून देऊ नका, हवामान खात्याचा अंदाज उघडा आणि पुढचे आठ दिवस रात्रीच्या पाऱ्यावर नजर ठेवा.

नंदुरबारहून : तोरणमाळ, डाबकडे बर्फ पडतो का?

नाही. तिथे कडाक्याच्या थंडीत गवतावरचं दव गोठतं, त्याचे फोटो फिरतात. बघायला पहाटे जा, ऊन आलं की गेलं.

अमळनेरहून एक आजी (वय 68) : आयुष्यात एकदा बर्फ हातात घ्यायचाय. मुलगा म्हणतो नातवाची दहावी होऊ दे, मग दोन वर्षांनी जाऊ. गुडघे दुखतात. थांबू का?

आजी, थांबू नका. दोन वर्षांनी बर्फ असेलही, पण गुडघ्यांचं आणि हवेचं दोन्हीचं मी सांगू शकत नाही. नाताळ सोडा. जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य, हे दिवस धरा, आणि शक्य असेल तर बुकिंग असं करा की दोन दिवस मागेपुढे करता येईल. गुलमर्ग निवडा, कारण गाव 2650 मीटरवर आहे आणि गावात बर्फ नसला तरी गंडोल्याने, म्हणजे रोपवेने, पहिल्या टप्प्याला कोंगडोरीला गेलात तर तीन हजारांच्या वर पोचता, चालावं लागत नाही. दुसरा टप्पा जवळपास चार हजारांवर जातो, तिथे धाप लागते, तिकडे जाऊ नका. निघण्याआधी बीपी आणि छाती डॉक्टरांना दाखवून घ्या. भुसावळहून झेलम एक्सप्रेस थेट जम्मूला जाते, पण दोन रात्री बसून गुडघे आखडतील, जमलं तर दिल्लीहून श्रीनगरचं विमान बघा. बूट विकत घेऊ नका, खाली तंगमर्गला गमबूट आणि लांब कोट भाड्याने मिळतात, बूट एक नंबर मोठा मागा म्हणजे आत दोन जोड लोकरी मोजे बसतील. आणि बर्फ हातात घ्यायचा तर हातमोजा काढूनच घ्या.