हिशेब सांभाळणाऱ्या मुलीने सामाजिक संस्थेचे व्यवस्थापन शिकावे का?

सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी बी. कॉम. झाल्यापासून लातूर जिल्ह्यातील एका पाणलोट संस्थेचे हिशेब पाहते. तिला आता सामाजिक संस्था व सार्वजनिक व्यवस्थापन या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे, आणि ‘समाजकार्याला पदवी कशाला, त्यापेक्षा एम. बी. ए. कर’ असे घरचे म्हणतात, असे आपण कळवले आहे. तिची इच्छा रास्त आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

संस्था चालवायला तळमळ लागतेच, परंतु आज तेवढ्यावर भागत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक नक्त मूल्य, उलाढाल किंवा नफा असलेल्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते, आणि तो निधी देताना कंपन्या संस्थेकडून कामाचा व पैशाचा चोख अहवाल मागतात. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास बंदी घातली. शिवाय धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब सादर करावे लागतात. या साऱ्याची जाण असणारी माणसे गावपातळीवर फार कमी मिळतात, त्यामुळे वाणिज्य शाखेची पदवी हा तिच्या मार्गातील अडथळा नसून तिची सर्वांत भक्कम बाजू आहे, हे घरच्यांना अवश्य सांगावे.

अभ्यासक्रम मात्र नावावरून निवडू नये. १९७९ साली गुजरातमधील आणंद येथे स्थापन झालेल्या ‘इर्मा’ या ग्रामीण व्यवस्थापन संस्थेत, म्हणजे वर्गीस कुरियन यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या संस्थेत, व्यवस्थापनाचे शिक्षण मध्यवर्ती असून विद्यार्थ्यांना काही आठवडे गावात राहावे लागते, २०२५ मध्ये तिचे त्रिभुवन सहकारी विद्यापीठात रूपांतर झाले. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा भर समाज आणि धोरण समजून घेण्यावर अधिक आहे. बेंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठातही विकास या विषयात एम. ए. आहे. दूध संघ, शेतकरी उत्पादक कंपन्या किंवा बचत गटांचे महासंघ चालवण्याची ओढ असेल तर पहिला मार्ग तिला मानवेल. सरकारी योजनांचे मूल्यमापन व धोरण यांत रस असेल तर दुसरे दोन.

पैशाविषयी आपण विचारले नाही, तरी लिहितो. लहान संस्थांतील पगार मोठ्या कंपन्यांइतका नसतो आणि मोठ्या कर्जाचा हप्ता त्यातून फेडणे जड जाते. म्हणूनच शुल्क, शिष्यवृत्ती आणि गेल्या दोन-तीन वर्षांतील विद्यार्थ्यांना मिळालेल्या नोकऱ्या यांची माहिती प्रवेशाआधीच संस्थेकडून लेखी मागवावी. सरासरी पगाराचा आकडा फसवा असतो, कारण मोजक्या विद्यार्थ्यांना मिळालेल्या गलेलठ्ठ पगारामुळे तो फुगतो. पगारांच्या उतरत्या क्रमात मधोमध येणाऱ्या विद्यार्थ्याला काय मिळाले, ते विचारावे.

तिने सध्याची नोकरी आणखी एक वर्ष करावी, असे मी सुचवेन. या वर्षात केवळ हिशेब न लिहिता निधीचा प्रस्ताव तयार करणे, गावातील बैठकांना बसणे आणि लेखापरीक्षकासमोर संस्थेची बाजू मांडणे ही कामे तिने मागून घ्यावीत; प्रवेशाच्या मुलाखतीत त्याविषयी तिला स्वानुभवाने बोलता येईल. टाटा संस्थेचे एक संकुल तुळजापूरला, आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. तिथे दोघींनी एकदा जाऊन शिकणाऱ्या मुलींशी प्रत्यक्ष बोलावे, आणि शक्य झाल्यास तिच्या वडिलांनाही बरोबर न्यावे.