लिंक मिळतात कशा? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न: गुहागरला आमचं होमस्टे आहे, साइट नवीनच केलीये. एक जण म्हणतो तीन हजारात पाचशे बॅकलिंक (म्हणजे दुसऱ्या साइट्सवरून आमच्या साइटकडे येणाऱ्या लिंक्स) देतो, सगळ्या डीए (डोमेन अथॉरिटी, साइटचं वजन सांगणारा आकडा) ५० च्या वरच्या. घेऊ का?

अजिबात नको. गूगलने एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन नावाचं सर्चचं अपडेट आणलं ते असल्याच लिंक्स पकडण्यासाठी आणि २०१६ पासून ते मेन अल्गोरिदममध्येच (साइट्सचा क्रम ठरवणाऱ्या सिस्टिममध्ये) आहे, त्यामुळे अशा लिंक्स बहुतेक वेळा रँकिंगसाठी मोजल्याच जात नाहीत, पैसे पाण्यात, आणि मॅन्युअल अॅक्शन (गूगलच्या माणसांनी स्वतः तपासून केलेली कारवाई) आली तर साइट सर्चमधून गायबसुद्धा होऊ शकते. डीए हा मॉझ या एसईओ टूल्सच्या कंपनीचा आकडा आहे, गूगल तो बघतच नाही.

प्रश्न: मग फुकटात लिंक कोण देणार?

ज्याला तुमच्या पानाचा उपयोग होतो तो देणार! आता तुमचंच बघा, गुहागरला येणारा माणूस काय शोधतो? दाभोळ-धोपावे फेरीबोट किती वाजता सुटते, गाडीचे किती घेतात, चिपळूण स्टेशनवरून शेवटची एसटी कधी, वेळणेश्वर-हेदवी एका दिवसात होतं का, पावसात समुद्रात कुठे उतरू नये. हे सगळं तुम्हाला तोंडपाठ आहे पण नेटवर धड एका जागी मिळत नाही. मग एक पान करा, स्वतः काढलेले फोटो टाका, वेळा बदलल्या की त्याच दिवशी बदला आणि वर तारीख लिहा. नंतर ज्या ट्रॅव्हल ब्लॉगवर जुन्या वेळा दिसतात त्यांना दोन ओळींचा मेल, "या वेळा बदलल्यात, नवीन इथे आहेत", बस. सगळे उत्तर देणार नाहीत, पण जे देतील त्यांची लिंक खरी असेल आणि त्यावरून गेस्टही येतील, मला तर हेच जास्त महत्त्वाचं वाटतं. रूमच्या रेटच्या पानाला कोणी लिंक देत नाही हो.

प्रश्न: विकिपीडियावर स्वतःच टाकली तर?

तिथल्या बाहेरच्या लिंक्सना नोफॉलो (रँकिंगसाठी ही लिंक धरू नका, अशी गूगलला खूण) असतं, शिवाय जाहिरात दिसली की संपादक काढून टाकतात.

प्रश्न: न्यूज पोर्टलवाले पैसे घेऊन लेख छापतात, ते चालतं का?

जाहिरात म्हणून खुशाल करा, पण लिंकला स्पॉन्सर्ड टॅग (लिंक पैसे देऊन घेतलीये, असं गूगलला सांगणारी कोडमधली खूण) लावायला सांगा, गूगलने तो २०१९ मध्ये त्यासाठीच आणलाय. रँकिंग वाढेल या आशेने मात्र पैसे देऊ नका.

प्रश्न: सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीच्या गूगलच्या टूलमध्ये) कुठल्या कुठल्या फालतू साइट्सच्या लिंक्स दिसतात, डिसअवाव करू (म्हणजे या लिंक्स धरू नका अशी यादीची फाइल गूगलला देऊ)?

तुम्ही विकत घेतल्या नसतील आणि मॅन्युअल अॅक्शनची नोटीस नसेल तर हातही लावू नका. चुकून चांगली लिंक त्या फाइलमध्ये गेली तर नुकसान तुमचंच.