रोजच्या आग्रहाला कंटाळून प्रोटॉन किंवा टुटा मेलवर जावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: मेल उघडलं की दर वेळी काहीतरी पुढ्यात येतं. नंबर जोडा, स्मार्ट सुविधा चालू करा, जागा संपत आली, प्लॅन घ्या. मग खासगीपणा जपणाऱ्या एखाद्या सेवेकडे जावं का, आणि बँकेला, जीएसटीला तो पत्ता चालतो का?

जावं, आणि पत्ता चालतो. पण जाण्याआधी स्वतःचं डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ नंतर येणारं तुमचं स्वतःचं नाव, घ्या, कारण खरी सुटका तिथेच आहे.

मी सोलापुरात हिशेबाची आणि जीएसटीची कामं बघतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलवाले, नवी पेठेतले दुकानदार. त्यांच्या मेलमध्ये पॅन, आधारचे स्कॅन, बँक स्टेटमेंट आणि बाहेरच्या पार्टीला दिलेले भाव पडलेले असतात. टॉवेलचा नगाचा भाव शेजारच्या कारखान्याला कळला की ऑर्डर गेलीच म्हणून समजा. त्यामुळे 'आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे' हे कोणी म्हटलं की मला पटत नाही.

ती आग्रहाची खिडकी एकदा नीट बघा. 'चालू करा' ठळक रंगाच्या मोठ्या बटणावर असतं आणि त्याखाली बारीक अक्षरात 'आत्ता नको'. 'कधीच नको' बहुतेक वेळा नसतंच. म्हणजे तुमचा नकार नोंदवलाच जात नाही, नुसता पुढच्या खेपेवर ढकलला जातो. ऑफिसात बसलेला पोरगा घाईत मोठं बटण दाबून मोकळा होतो आणि मालकांना त्याचा पत्ताही नसतो.

एक गोष्ट मात्र खरी ती सांगायला हवी. जाहिराती दाखवण्यासाठी मेलचा मजकूर वाचणं जीमेलने २०१७ मध्ये बंद केल्याचं जाहीर केलं. स्मार्ट सुविधांसाठी मात्र मजकुरावर प्रक्रिया होते. सेटिंग्जमधल्या 'जनरल' भागात त्या बंद करता येतात. तसं केलं की प्रमोशन्स, सोशल हे वेगळे कप्पे जातात, एवढं धरून चाला. तुमचा त्रास तेवढाच असेल तर आधी हे करून बघा.

आता पर्याय. प्रोटॉन आणि टुटा तुमच्या खात्यातली मेल कुलूपबंद (एन्क्रिप्ट करून) ठेवतात, किल्ली तुमच्या पासवर्डमागे असते, त्यामुळे ती कंपनीलाही वाचता येत नाहीत. प्रोटॉन स्वित्झर्लंडचं, सर्न या तिथल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत भेटलेल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये सुरू केलं. टुटा जर्मनीतल्या हॅनोव्हरचं, ते विषयाची ओळसुद्धा कुलूपबंद ठेवतं. दोन्हीकडे फुकटात १ जीबी मिळते, स्वतःच्या डोमेनला मात्र पैसे लागतात. बर्लिनचं पोस्टिओ महिना १ युरोत चांगली सेवा देतं, पण स्वतःचं डोमेन घेत नाही, म्हणून मी ते सुचवत नाही. आपल्या झोहोवर जाहिराती नाहीत आणि डोमेनही चालतं. फरक इतकाच की तिथे कुलपाची किल्ली कंपनीकडे राहते.

या सेवांकडून भलती अपेक्षा नको. समोरचा जीमेलवर असेल तर त्याच्याकडची प्रत तिथेच राहणार. कायदाही लागू असतोच. २०२१ मध्ये स्विस आदेशानंतर प्रोटॉनला एका फ्रेंच कार्यकर्त्याचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) द्यावा लागला होता.

डोमेनवर माझा एवढा भर का? एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रोटॉन मेल भारतात ब्लॉक करण्याचा आदेश दिला होता. बँकेपासून पीएफपर्यंत सगळीकडे प्रोटॉनचाच पत्ता दिलेल्या माणसाने अशा वेळी काय करायचं? डोमेन तुमचं असेल तर त्याची एमएक्स नोंद, म्हणजे मेल कुठल्या सेवेकडे जावं हे सांगणारी नोंद, बदलून मेल दुसऱ्या सेवेकडे वळवता येतं. मोबाईलची कंपनी बदलली तरी नंबर तोच राहतो, तसंच हे. साधं डॉट इन डोमेन वर्षाला हजार रुपयांच्या आत मिळतं. ते स्वतःच्या नावावर घ्या, वेबसाईट करून देणाऱ्याच्या नावावर नको. ऑटो रिन्यूअल लावा. मुदत संपून ते दुसऱ्याने घेतलं तर तुमचे ओटीपी त्याच्या हातात जातील.

पत्ता बदलताना बँक आणि इन्कम टॅक्सपासून सुरुवात करा. जीएसटीत तो पोर्टलवरच्या नॉन-कोअर अमेंडमेंटमधून (नोंदणीतल्या किरकोळ बदलांचा अर्ज) बदलतो. महिन्याच्या २० तारखेच्या आसपास, रिटर्नच्या गर्दीत, त्याला हात लावू नका. मग पीएफ, म्युच्युअल फंड, विमा. जुन्या खात्यावरून मेल फॉरवर्ड करून ठेवा आणि अधूनमधून लॉगिनही करा, कारण गुगल २ वर्षं न वापरलेलं खातं काढून टाकू शकतं.

प्रोटॉनचा पासवर्ड विसरून रीसेट केला तर जुनी मेल उघडत नाहीत. ती परत उघडण्यासाठी १२ शब्दांचा रिकव्हरी फ्रेज मिळतो. तो कागदावर लिहून जमिनीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा, मोबाईलच्या फोटोंत नको.

आणि धंद्याचं मेल असेल तर सगळ्या पार्ट्यांना आधी फोन करा. 'आमचा मेल बदलला, पैसे या नव्या खात्यात टाका' ही फसवणूक करणाऱ्यांची नेहमीची चाल आहे. सावध पार्टी नुसतं मेल बघून पैसे थांबवेल, आणि ते बरोबरच. जुन्या पत्त्यावरूनही एक मेल टाका आणि त्यात स्पष्ट लिहा: बँक खातं तेच आहे, फक्त मेलचा पत्ता बदलला आहे.