श्टॉयबेनला तोतया म्हणावे का?

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात गाजलेला फ्रीड्रिश विल्हेल्म फॉन श्टॉयबेन हा खरा जर्मन सेनापती होता की तोतया, असा प्रश्न आहे. त्याचे सेनापतिपद खोटे होते, हे आधीच मान्य करतो. तरी त्याला तोतया म्हणायला मी धजणार नाही. पानिपतानंतर उपटलेल्या भाऊसाहेबांच्या तोतयाने दुसऱ्याचे नावच बळकावले होते. श्टॉयबेनने स्वतःचे आयुष्य फुगवून सांगितले, एवढेच.

1730 मध्ये माग्डेबुर्ग येथे एका लष्करी इंजिनिअरच्या घरी जन्मलेला हा माणूस कोवळ्या वयातच प्रशिया या जर्मन राज्याच्या सैन्यात शिरला, सप्तवार्षिक युद्धात जखमी झाला, रशियनांच्या कैदेत राहिला आणि पुढे प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेट याच्या दिमतीस साहाय्यक म्हणून लागला. युद्ध संपताच 1763 मध्ये त्याला कॅप्टन असतानाच घरी बसवण्यात आले. त्यानंतर त्याने होहेनत्सोलर्न-हेखिंगेन या चिमुकल्या, कर्जबाजारी संस्थानात दरबारी कारभार पाहिला. नावातला उमरावपणा दाखवणारा ‘फॉन’ही आजोबांनी आपल्या हाताने जोडलेला होता. 1777 मध्ये पॅरिसहून अमेरिकेचे वकील बेंजामिन फ्रँकलिन आदींनी अमेरिकी सरसेनापती वॉशिंग्टनला धाडलेल्या शिफारसपत्रात हा कॅप्टन एकदम लेफ्टनंट जनरल झाला.

फेब्रुवारी 1778 मध्ये तो वॉशिंग्टनच्या सैन्याच्या व्हॅली फोर्ज येथील हिवाळी छावणीत पोहोचला, तेव्हा प्रत्येक पलटणीची कवायत निराळी होती, सैनिक एकामागे एक अशी लांबलचक रांग धरून चालत असल्याने लढाईची फळी उभी राहायला वेळ लागे, आणि संगिनी बहुधा मांस भाजण्याच्या कामी येत. श्टॉयबेनला इंग्रजी येत नव्हते. तो फ्रेंचमध्ये धडे लिही, त्याचा चिटणीस द्यूपोन्सो त्यांचे इंग्रजी करी, त्यावर वॉशिंग्टनचे साहाय्यक हॅमिल्टन आणि लॉरेन्स हात फिरवत आणि मग नकला पलटणींकडे जात. शंभरेक निवडक सैनिकांपुढे तो स्वतः बंदूक घेऊन उभा राही, जे काम तिथले अधिकारी सार्जंटांवर सोडून मोकळे होत. चूक झाली की जर्मन आणि फ्रेंच शिव्यांचा भडिमार सुरू होई, आणि तो साठा संपला की इंग्रजीत शिव्या घालायला कॅप्टन वॉकरला पाचारण केले जाई. तयार झालेले सैनिक मग आपापल्या पलटणीला शिकवत. स्वयंपाकाच्या जागेपासून शौचकूप दूर, उताराच्या बाजूला खणण्याची शिस्तही त्याचीच.

मला मात्र त्याचे मोठेपण दुसरीकडे दिसते. युरोपातल्या एका जुन्या स्नेह्याला त्याने लिहिले की, तुमच्याकडे सैनिकाला ‘हे कर’ म्हटले की तो करतो, इथे ते का करायचे हे आधी सांगावे लागते. प्रशियाची कवायत जशीच्या तशी न लादता त्याने ती छाटली आणि सोपी केली, ती याच जाणिवेतून.

मे 1778 मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्याला इन्स्पेक्टर जनरल, म्हणजे सैन्याच्या कवायतीचा व शिस्तीचा प्रमुख, नेमून मेजर जनरलचा हुद्दा दिला, म्हणजे खरा सेनापती तो तिथे झाला. जूनमध्ये मॉनमथच्या लढाईत माघार घेणाऱ्या तुकड्या पुन्हा फळी धरून ब्रिटिशांसमोर टिकल्या. त्याचे 1779 चे निळ्या पुठ्ठ्याचे कवायतीचे पुस्तक पुढे कित्येक वर्षे वापरात होते. यॉर्कटाउनच्या वेढ्यात त्याच्या हाताखाली एक डिव्हिजन होती. पैशाच्या बाबतीत तो कायम उधळा. न्यूयॉर्क राज्याने बहाल केलेल्या 16,000 एकर जमिनीवरच्या लाकडी घरात 1794 मध्ये तो वारला.